नाव आणि चव : काही अल्पपरिचित पांढऱ्या वाइनींचा आस्वाद

साहित्यविचाराची आपली बरीचशी परिभाषा जिभेकडून उसनी घेतलेली आहे. रस, रुची, आस्वाद, चर्वणा, माधुर्य, गोडी हे शब्द कविता-कादंबऱ्यांच्या संदर्भात आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्यांचे मूळ घर स्वयंपाकघर आहे याचा विसर पडावा. भरतमुनींना तो पडला नव्हता. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची उपपत्ती सांगताना त्यांनी दृष्टान्त घेतला तो भोजनाचा. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न जेवणारा प्रसन्नचित्त मनुष्य आणि नाटक पाहणारा प्रेक्षक यांना त्यांनी एका पंक्तीला बसवले. तेव्हा वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात वाइनच्या आस्वादाविषयी लिहिल्याने मर्यादाभंग होतो असे मला वाटत नाही. उसने आणलेले शब्द थोडा वेळ मूळ धन्याकडे न्यायचे आणि तिथे ते कितपत चालतात हे पाहायचे, एवढाच हेतू.

शब्दाची अडचण पहिल्याच पावलाला येते. 'मद्य' म्हटले की डोळ्यांपुढे गुत्ता उभा राहतो. 'वारुणी' म्हटले की संगीत नाटकाचा रंगवलेला पडदा. आणि 'द्राक्षासव' म्हणावे, तर वैद्याच्या कपाटातली, जेवणानंतर दोन चमचे घ्यायची बाटली. म्हणून 'वाइन' हाच शब्द मी ठेवतो. 'पांढरी' हे विशेषणही शब्दशः घ्यायचे नाही. कोवळ्या गवताच्या फिक्या हिरव्यापासून जुन्या सोन्याच्या पिवळ्यापर्यंत तिच्या सर्व छटा असतात. पांढरी तेवढी ती नसते. द्राक्षांचा रस काढून साली बाजूला केल्या आणि मग तो आंबवला, तर ती पांढरी. सालींसकट आंबवला तर तांबडी. तांबड्या वाइनला रंग आणि तुरटपणा मुख्यतः सालींतून मिळतो. पांढरीला तो आधार नाही. तिचा कणा म्हणजे तिचा आंबटपणा. तो ढिला पडला की मग वास कितीही सुंदर असो, ती वाइन बसकी लागते.

महाराष्ट्रात नाशिकच्या परिसरात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ज्या पांढऱ्या वाइन होऊ लागल्या, त्यांत शेनँ ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या द्राक्षजातींचे नाव पुष्कळांच्या कानांवर आले आहे. दोन्ही फ्रान्समधल्या, लोआर नदीच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या. मला ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्या वाइन मात्र आपल्याकडेच काय, खुद्द युरोपातही प्रतिष्ठितांच्या मेजावर क्वचितच दिसतात. त्या वाईट आहेत म्हणून नव्हे. त्यांना नाव नाही म्हणून. ज्या देशात त्या होतात तिथल्या साध्या दुकानात आठ-दहा युरोंना त्यांची चांगली बाटली मिळते. उलट बर्गंडीतील माँराशेसारख्या मळ्याच्या एकेका बाटलीला शेकडो युरो पडतात. या दोहोंमधल्या अंतरात चवीचा वाटा किती आणि नावाचा किती, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या वाचकांना नावाचे आणि क्रमाचे माहात्म्य मी सांगायला नको. त्यांना गंमत वाटेल म्हणून एक उदाहरण देतो. बोर्दो प्रांतातील वाइनींची प्रतवारी १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने तिथल्या दलालांनी केली. तांबड्यांची एक, गोड पांढऱ्यांची एक. ती यादी आजही प्रमाण मानली जाते. तांबड्यांच्या पहिल्या वर्गात खालच्या वर्गातून बढती मिळाल्याचे उदाहरण एकच, तेही १९७३ सालचे. एकशे अठरा वर्षांत एक बढती! आपल्या ज्येष्ठतायाद्यांना नावे ठेवणाऱ्यांनी हे एकदा वाचावे.

यादी काय, किंमत काय, ही सगळी चाखण्याआधीची माहिती. ती जिभेवर किती अंमल चालवते याचे दोन प्रयोग प्रसिद्ध आहेत. २००१ साली बोर्दोतल्या संशोधकांनी एक लेख प्रसिद्ध केला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना त्यांनी पांढरी वाइन आणि तीच वाइन बिनवासाच्या रंगाने तांबडी करून, अशा दोन्ही हुंगायला दिल्या होत्या. रंगवलेल्या वाइनचे वर्णन करताना विद्यार्थ्यांनी तांबड्या-काळ्या फळांचे, तांबड्या वाइनलाच शोभणारे शब्द वापरले. डोळ्याने जे सांगितले तेच नाकाने ऐकले. दुसरा प्रयोग कॅलिफोर्नियातला, २००८ साली प्रसिद्ध झालेला. त्यात २० जणांना तीच तांबडी वाइन एकदा स्वस्त म्हणून आणि एकदा महाग म्हणून पाजली. महाग म्हटलेली त्यांना अधिक आवडली. आणि ती पिताना मेंदूतल्या सुखसंवेदनेशी निगडित भागाची हालचालही खरोखरच वाढलेली दिसली. म्हणजे ती माणसे खोटे बोलत नव्हती. किमतीने त्यांना खरोखर आनंद दिला होता. टीकाकाराला अस्वस्थ करणारी गोष्ट ती हीच. ढोंग उघडे पाडता येते; प्रामाणिकपणे झालेल्या फसवणुकीचे काय करावे?

अशा वेळी नाव नसलेली वाइन उपयोगी पडते. तिच्या बाजूने बोलायला बाटलीबाहेर कोणी नसते.

पहिली घेऊ मस्कादे. लोआर नदी अटलांटिकला मिळते त्याच्या अलीकडे नांत नावाचे शहर आहे. त्याच्या दक्षिणेला सेव्र आणि मेन या दोन छोट्या नद्यांच्या काठी हिचे मळे आहेत. नावावरून मस्कत द्राक्षाचा गोड, अत्तरी वास अपेक्षिणाऱ्याची निराशा होते, कारण दोघांचा काही संबंध नाही. हिचे द्राक्ष 'मेलों द बुर्गोन्य', म्हणजे नावाप्रमाणे बर्गंडीतून आलेले. सतराव्या शतकात डच व्यापारी या भागातून ऊर्ध्वपातनासाठी, ब्रँडीसाठी पांढरी वाइन नेत. त्यांना चवीशी देणेघेणे नव्हते. पीक भरपूर हवे होते. पुढे १७०९ चा हिवाळा आला. त्या हिवाळ्याने युरोपभर माणसे, गुरे आणि वेली मारल्या. नांतच्या आसपास पुन्हा लागवड करताना थंडीला टिकणारी वेल म्हणून शेतकऱ्यांनी मेलोंला जवळ केले. तिची निवड झाली ती सोशिकपणासाठी, रूपासाठी नव्हे. आणि तिच्या मायभूमीत, बर्गंडीत, तिला फारसा थारा उरला नाही.

या उपेक्षित मुलीच्या कुळाचा पत्ता १९९९ साली लागला. द्राक्षजातींच्या आनुवंशिक तपासणीत असे आढळले, की मेलोंचे आईबाप पिनो आणि गुए ब्लां हे आहेत. पिनो हे बर्गंडीतले उच्चकुलीन द्राक्ष. गुए ब्लां मध्ययुगात शेतकऱ्यांच्या परसात लावले जाणारे, जाणकारांनी हिणवलेले. याच जोडप्याची आणखी पुष्कळ संतती त्या तपासणीत निघाली आणि तिच्यात एक नाव होते शार्दोने. ज्या शार्दोनेपासून माँराशेची वाइन होते तेच. एकीच्या पायघड्यांवर जग चालते आहे आणि दुसरी मासेबाजारात उभी आहे; आणि त्या सख्ख्या बहिणी आहेत. हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला भडक म्हटले असते.

कुळ एक म्हणून गुण एक, असे मात्र होत नाही. मेलोंच्या रसाला स्वतःचा वास फार थोडा. त्यामुळे तिथल्या लोकांनी एक युक्ती जोपासली. नाचणीचे सत्त्व काढताना भांड्याच्या तळाशी जो बसतो त्याला आपण साका म्हणतो. आंबण्याचे काम संपवून मेलेले किण्वही पिंपाच्या तळाशी असेच साक्यासारखे बसते. इतरत्र ही वाइन साक्यावरून लवकर उपसून घेतात. इथे ती हिवाळाभर त्याच साक्यावर निवांत राहू देतात आणि पुढे तिथूनच थेट बाटलीत भरतात. जमिनीखाली बांधलेल्या, आतून काचेच्या फरश्या लावलेल्या टाक्या या भागात पूर्वापार आहेत. साक्यातले काही सत्त्व वाइनमध्ये उतरते आणि थोडा वायूही अडकून राहतो. बाटलीवर तशी नोंद असते. ती पाहिल्याखेरीज मस्कादे विकत घेऊ नये.

चव कशी? पहिल्या घोटाला काहीच घडत नाही. शार्दोने किंवा सोव्हिन्योंची सवय असलेला माणूस पेला खाली ठेवून यजमानाकडे पाहतो. दुसऱ्या घोटाला जिभेच्या टोकावर किंचित चुणचुण, मग ईडलिंबाच्या सालीसारखा आंबूसपणा, मग सकाळी पावाच्या भट्टीपाशी येतो तसा पिठूळ वास. आणि गिळल्यावर, मागाहून, ओठांवर समुद्राची हवा लागून गेल्यासारखा एक खारटपणा. एवढेच. पण याच वेळी समोर कालवे असली (नांतकरांच्या समोर ती असतातच), तर त्या एवढ्याशा गोष्टीचे काय होते ते अनुभवावे. कोकणातल्या वाचकाला कालवांची चव वर्णून सांगण्याची गरज नाही. वाइन कालवाचा समुद्र वाढवते आणि त्याचा बुळबुळीतपणा धुऊन नेते. कालव वाइनचा बोचरेपणा झाकते. साथीदाराने गवयाला झाकायचे नसते, हे जाणणाऱ्या तबलजीसारखे तिचे वागणे.

तथापि मी तिचा वकील नाही. बाजारात मिळणारी कितीतरी मस्कादे पातळ आणि आंबट असते, यात शंका नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागणी वाढली तसे पीक वाढवले गेले, आणि नाव जे खाली गेले ते वर आलेले नाही. शहाण्या उत्पादकांनी यावर काढलेला उपाय असा, की दगडमातीच्या फरकाप्रमाणे गावांची नावे वेगळी काढायची आणि वाइन साक्यावर दीड-दोन वर्षे किंवा अधिक ठेवायची. क्लिसाँ, गोर्ज आणि ल पाले या तीन गावांना २०११ साली असा मान मिळाला; पुढे आणखी गावे आली. (ल पाले हे तत्त्वज्ञ आबेलारचे जन्मग्राम. एलोईझ आणि त्याच्या पत्रव्यवहाराचे चाहते तिथे वाट वाकडी करून जातात, आणि बहुधा गावची वाइन न पिताच परततात.) यातला विनोद असा, की 'साक्यावरची' हा शिक्का मिळवायला बाटली ठराविक मुदतीत भरावी लागते, तेव्हा ज्या वाइन सर्वांत अधिक काळ साक्यावर राहिल्या त्यांनाच तो लावता येत नाही. नियम करणाऱ्यांचे हे कौशल्य आपल्या वाचकांना अनोळखी वाटू नये. क्लिसाँची सात-आठ वर्षांची वाइन मी प्यालो आहे. तिच्यात मधमाशांच्या पोळ्याचा आणि भाजलेल्या बदामाचा वास आला होता, आणि तरी आंबटपणाचा कणा ताठ होता.

तिसरी बहीण आलिगोते. हीही त्याच आईबापांची, पण माहेरीच राहिलेली. बर्गंडीत उत्तम उतार शार्दोनेला आणि उरलेली जमीन हिला. दिजों शहराचे १९४५ ते १९६८ या काळातले महापौर, धर्मगुरू फेलिक्स कीर, पाहुण्यांना आलिगोतेत काळ्या मनुकाफळाचे गोड मद्य घालून पाजत. त्या पेयाला त्यांचेच नाव मिळाले. वाइन आंबट, म्हणून तिच्यात गोड घालायचे. आणि तिच्यात गोड घालतात, म्हणून ती चांगली करण्याचे कष्ट कोणी घ्यायचे नाहीत. असे हे दुष्टचक्र. बूझरों या एकाच गावाने ते मोडले, आणि १९९८ पासून केवळ आलिगोतेसाठी त्या गावाचे नाव मान्य झाले. तिथली वाइन काही न मिसळता प्यावी.

आता वर्णनाच्या भाषेविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण मी वर ईडलिंबू, पिठूळ वास असे शब्द वापरले ते वाइनवर लिहिणाऱ्यांच्या रूढ यादीत नाहीत. १९८४ साली कॅलिफोर्नियातील अध्यापिका ॲन नोबल यांनी वासांचे एक चक्र तयार केले. मोघम स्तुतीऐवजी प्रत्येक वासाला ओळखीच्या पदार्थाचे नाव द्यावे, हा त्यामागचा विचार अत्यंत स्वच्छ होता. पण ओळखीचा कोणाच्या? इंग्रज टीकाकार सोव्हिन्यों ब्लांला 'गूजबेरी' म्हणतात. आपला कोश गूजबेरीपुढे आवळा देतो. आणि आपला विद्यार्थी पेल्यात आवळा शोधत बसतो. दोन फळांची कुळे निराळी, वास निराळे; आवळ्याचा तो प्रसिद्ध गुण, की वर पाणी प्यायले तर गोड लागते, तो गूजबेरीला नाही. ज्या फळाचा वास आयुष्यात कधी घेतला नाही त्याची आठवण येण्याचा आव आणायचा, यापरते अनुवादित जगणे ते कोणते? शहाळे, कैरीचा चीक, पपनसाची पांढरी साल, कोवळी काकडी, तांदळाची पेज, पावसाच्या पहिल्या सरीची माती, हे आपले वास आहेत. ते पेल्यात सापडले तर सांगावेत. सापडले नाहीत तर गप्प बसावे.

दुसरा शब्द 'खनिजता'. मस्कादेपासून सर्व ताठर पांढऱ्या वाइनींना तो लावतात, आणि मळ्यातला दगड जिभेवर उतरल्याची ग्वाही देतात. ॲलेक्स मॉल्टमन या भूविज्ञानाच्या प्राध्यापकांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. त्यांचे म्हणणे असे, की मुळे दगड शोषत नाहीत, दगडाला जवळजवळ चव नसते, आणि मातीतून वाइनपर्यंत पोचणारी द्रव्ये इतकी अल्प असतात की ती जिभेला कळू नयेत. मला हे पटते; पण म्हणून शब्द टाकून द्यावा असे वाटत नाही. गंगेवर वाडी आहे असे म्हटले तर आपण ती पाण्यावर तरंगणारी समजत नाही, काठावरची समजतो. थंडावा आणि पावित्र्य यांची सूचना तेवढी घेतो. खनिजता ही अशीच लक्षणा आहे. गोंधळ होतो तो लक्षणेला अभिधा समजल्यावर, आणि तो वाइनच्या टीकेत जितका होतो तितकाच काव्याच्याही.

आपल्या षड्रसांचा उपयोग इथे होईल असे मला आधी वाटले होते. थोडा होतो. पांढऱ्या वाइनीत अम्ल राजा, मधुर कधी प्रकट कधी गुप्त, कषाय किंचित, लवणाचा भास. तिक्त आणि कटु यांची मात्र फसगत होते : संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू, तर आपला 'कडू' हा त्या 'कटु'चाच वंशज. चवीचे शब्दही पिढ्या ओलांडताना चव बदलतात.

कडूचा विषय निघाला म्हणून वेर्दिक्कियो. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, आंकोनाजवळच्या येझी गावाभोवतीच्या टेकड्यांवर ती होते. तिच्या शेवटी कडू बदामाची एक बारीक रेघ राहते आणि ती मला फार प्रिय आहे; कारण गोड शेवटाची अपेक्षा असलेल्या ठिकाणी ती येते. १९५० च्या दशकात तिच्यासाठी प्राचीन कुंभाच्या घाटाची, कमरेत बारीक, हिरवी बाटली निघाली. बाटली जगभर गेली. इतकी, की आतल्या वाइनकडे कोणी पाहीनासे झाले. मुखपृष्ठामुळे खपलेल्या पुस्तकाची जी गत होते तीच तिची झाली. आता चांगले उत्पादक साधी बाटली वापरतात आणि गंभीर वाइन करतात, पण किमतीने अजून ती जुनी थट्टा विसरलेली नाही. घेणाऱ्याचा त्यात फायदाच आहे.

ऑस्ट्रियाच्या ग्र्यूनर फेल्टलिनरवर मला अधिक वेळ थांबायचे आहे. त्या देशातील द्राक्षलागवडीपैकी सुमारे एकतृतीयांश या एकाच जातीची. १९८५ साली ऑस्ट्रियातील काही व्यापाऱ्यांनी वाइनमध्ये डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी द्रव्य मिसळल्याचे उघड झाले. त्याने वाइन अधिक गोड आणि भरदार भासते. निर्यात कोसळली, आणि त्याच वर्षी कडक कायदा झाला. खोट्या गोडीची अशी शिक्षा मिळाल्यावर त्या देशाने जी वाट धरली ती कोरड्या, स्वच्छ, काही न लपवणाऱ्या वाइनींची होती. २००२ साली लंडनमध्ये नावे झाकून घेतलेल्या एका चाचणीत या ग्र्यूनरने बर्गंडीच्या अतिप्रसिद्ध शार्दोनेंना मागे टाकून वरचे बरेच क्रमांक पटकावले. उत्तमातल्या उत्तम ग्र्यूनर त्यानंतर महागल्या. पण रोजची ग्र्यूनर, लीटरच्या बाटलीत, सोड्याच्या बाटलीसारख्या पत्र्याच्या बुचाने बंद केलेली, अजूनही साध्या माणसाची आहे.

तिच्या वासात पांढऱ्या मिऱ्याची छटा असते असे सगळे म्हणतात, आणि इथे हा शब्द लक्षणा नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली दाखवले, की काही वाइनींतला मिऱ्याचा वास आणि खुद्द मिऱ्याचा वास एकाच द्रव्याचा आहे. त्याचे नाव रोटनडोन. पुढे ते ग्र्यूनरमध्येही सापडले. मलबारच्या वेलीवरचा वास डॅन्यूबच्या काठच्या वेलीत आपोआप उपजावा, हे नवल मला अजून पुरते पचलेले नाही. पण त्याच संशोधनातली दुसरी गोष्ट समीक्षकाने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. चाचणी घेतलेल्यांपैकी सुमारे पंचमांश लोकांना हा वास मुळीच येत नव्हता, अगदी मात्रा पुष्कळ वाढवूनही. त्यांचे नाक बधिर नव्हते. त्यांना बाकी सर्व येत होते. हे एक येत नव्हते. सहृदय कोण आणि अरसिक कोण, हा आपला जुना वाद. एखाद्या कवितेत काही नाही असे जेव्हा कोणी प्रामाणिकपणे सांगतो, तेव्हा तो त्या पाचातला एक असू शकतो; आणि कवितेत काही नाही असे मी जेव्हा सांगतो, तेव्हा मीही.

व्यवहाराची एक गोष्ट : शाकाहारी वाचकांना मी ग्र्यूनर सुचवीन. पालेभाजी, शतावरीचे कोंब, वाटाणा, यांच्यापुढे बहुतेक वाइन हार मानतात. ही मानत नाही. मात्र वाइन निवळण्यासाठी माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेली खळ, अंड्याचा पांढरा भाग किंवा दुधातले केसीन वापरण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, तेव्हा ज्यांना निषिद्धाचा विचार आहे त्यांनी बाटलीवरचा मजकूर वाचून घ्यावा.

पोर्तुगालच्या वायव्येची विन्यु व्हेर्द मात्र मी पुढे रेटणार नाही. 'व्हेर्द' म्हणजे हिरवी. रंगाने नव्हे, वयाने, आपण 'कोवळी' म्हणू तशी. या प्रदेशाची हद्द १९०८ साली आखली गेली. वेली पूर्वी झाडांवर आणि मांडवांवर चढवत, म्हणजे खाली मका-भाजीला जमीन मोकळी राहावी; आपल्याकडच्या पानमळ्याची आठवण व्हावी असे ते दृश्य. पोर्तुगीज राजवटीत, म्हणजे १९६१ पर्यंत, गोव्यात पोर्तुगीज वाइनची सवय होती, आणि जुन्या गोमंतकीय घरांतले वृद्ध तिच्याविषयी हळवेपणाने बोलतात. हळवेपणाचा मान राखूनही सांगितले पाहिजे, की दुकानात सर्वांत स्वस्त मिळणाऱ्या या वाइनीतली चुणचुण पुष्कळदा मागाहून सोडलेल्या वायूची असते, आणि आंबटपणावर साखरेचा हात फिरवलेला असतो. सरबताचा आनंद ती देते. उन्हाळ्यात तोही कमी नाही. लौरेरो या एका द्राक्षाची, वायू न सोडलेली मिळाली तर ती निराळी गोष्ट. तिला मोहराचा वास येतो.

कोणी म्हणेल, की अल्पपरिचिताचे कौतुक हीच आता एक फॅशन झाली आहे, आणि प्रसिद्ध वाइनचे नाव घेणारा जसा मिरवतो तसाच अप्रसिद्ध वाइनचे नाव घेणाराही मिरवतो. आक्षेप खरा आहे. लघु-अनियतकालिकांतला कवी केवळ तिथे छापला गेला म्हणून थोर ठरत नाही. या लेखासाठी काढलेले माझे जुने टिपण वाचताना मला तो आक्षेप माझ्यावरच लागू होताना दिसला.

एका हिवाळ्यात, युरोपातील वास्तव्यात, आम्ही चौघे मराठी माणसे एका स्नेह्यांकडे जमलो होतो. पाच बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या होत्या : मस्कादे, आलिगोते, वेर्दिक्कियो, ग्र्यूनर आणि वर्गणी काढून आणलेली एक नामांकित बर्गंडी. कोणती कुठे हे वहिनींना तेवढे ठाऊक. मी पहिला क्रमांक जिला दिला आणि 'हीच बर्गंडी' असे छातीठोकपणे लिहिले, ती वेर्दिक्कियो निघाली. आलिगोतेपुढे मी लिहिले होते, 'व्हिनेगरच्या वाटेवर'. खरी बर्गंडी माझ्या यादीत तिसरी. हशा झाला, आणि मला आतून बरेही वाटले. नावाचा पराभव झाला होता आणि तो माझ्या जिभेने केला होता. मग कागद काढलेल्या बर्गंडीचा पुन्हा एक घोट घेतला. तेवढ्या पाच मिनिटांत ती कितीतरी सुधारली होती! मी शेजाऱ्याकडे पाहिले. तोही पेला उजेडाकडे धरून गंभीर झाला होता.

उरलेल्या बाटल्या त्यांनी बुचे लावून खिडकीबाहेरच्या थंडीत ठेवल्या आणि दुसऱ्या संध्याकाळी आम्ही त्या पुन्हा काढल्या. या वेळी पेल्यांखाली आकडे चिकटवून. आदल्या दिवशी सगळ्याच फार गार होत्या, वास गोठलेले होते. आज त्या दहा-बारा अंशांवर आल्या होत्या. मस्कादे मलूल झाली होती. वेर्दिक्कियो होती तशीच होती. आणि एका पेल्यातली वाइन गिळल्यावरही जात नव्हती. मी मनात पंचवीसपर्यंत मोजले तरी तिचा पडसाद चालूच होता. आकडा पाहिला. बर्गंडी. चौघांच्याही यादीत ती पहिली आली होती, आणि या वेळी नाव कोणालाच ठाऊक नव्हते. मलूल झालेली मस्कादे वहिनींनी सुरमईच्या कालवणात ओतली; तिथे तिने आपले काम चोख केले.

तो कागद माझ्यापाशी आहे. दोन्ही दिवसांची टिपणे शेजारी शेजारी आहेत आणि एकही खोडलेले नाही. आलिगोतेवर दुसऱ्या दिवशी मी काहीच लिहिलेले दिसत नाही. बूझरोंची बाटली त्यानंतर दोन वर्षांनी हाती आली.